50 एचपी ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली: उसाच्या एका हंगामानंतर

ट्रॅक्टर 50 एचपीचा, वजन सुमारे 2,200 किलो. मागे 5 टन मालाची दोनचाकी ट्रॉली, रिकामी दीड टन. नोव्हेंबर ते मार्च, फडातून कारखान्यापर्यंत रोजची खेप आणि वाटेत एक चांगलाच चढ-उतार. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय: ट्रॉली ओढायचं काम एचपी करते, पण जोडी जमते की नाही ते ट्रॅक्टरचं वजन आणि ब्रेक ठरवतात. "50 एचपी आहे, दोन ट्रॉल्या आरामात ओढेल" हे सपाटीवर खरं आहे. उतारावर ते अंगाशी येतं.

आधी पुढच्या चाकांचं बघू. नुसत्या ट्रॅक्टरचं 850 किलोच्या आसपास वजन पुढे असतं, बाकी मागे. या ट्रॉलीत 5 टन ऊस नीट भरला की हूकवर साधारण 600 किलो भार येतो. हूक मागच्या आसाच्या 70 सेंटिमीटर मागे आणि दोन आसांत 210 सेंटिमीटर अंतर, म्हणजे तरफेच्या हिशोबाने पुढचे 200 किलो तिथेच उचलले जातात. 6 टक्क्यांच्या चढाला (100 मीटरला 6 मीटर चढ) ट्रॉलीच्या ओढीने आणखी 120 किलो जातात. उरतात 530. चालतं. पण याच ट्रॉलीत 8 टन कोंबले की चढावर पुढे जेमतेम 350 किलो राहतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, इथे 440 किलो, पुढच्या चाकांवर हवाच. त्याखाली गेलं की स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो आणि फडातून निघताना क्लच झटक्यात सुटला तर तोंड उचलतो. पुढे बंपरला 100 किलोची वजनं लावल्यावर पुढचा भार 140 किलोच्या आसपास वाढतो, कारण वजन आसाच्याही पुढे लटकतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पकड वाढते, पण तोंड उचलण्यावर तो इलाज नाही.

हे मोजायला कारखान्याचा काटा पुरतो. भरलेली ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची आणि आकडा वाचायचा, दोन मिनिटांचं काम. हा आकडा सपाटीचा, चढाला ओढीने जाणारं वजन त्यातून वजा करायचं. भरताना मोळ्या आसाच्या दोन्ही बाजूंना सारख्या आणि थोड्या जास्त पुढे. मागे जास्त झाल्या तर ट्रॉली हूक वर उचलते आणि वेगात शेपटीसारखी हेलकावे खाते.

आता खरा मुद्दा, ब्रेक. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. एका भरलेल्या ट्रॉलीसह एकूण वजन 8.7 टन. 6 टक्के उतारावर ताशी 25 किलोमीटर वेगातून थांबायला, कोरड्या डांबरावर ब्रेक उत्तम असले तरी, 23 मीटर लागतात. मागे तेवढ्याच वजनाची दुसरी चारचाकी ट्रॉली जोडली की 55 मीटर! चारचाकी ट्रॉली हूकवर भार टाकत नाही, त्यामुळे मागच्या चाकांची पकड तेवढीच राहते आणि ढकलणारं वजन मात्र साडेसहा टनांनी वाढतं. ब्रेक दाबायला लागणारा क्षण यात धरलेलाच नाही. म्हणून बिनब्रेकची दुसरी ट्रॉली या जोडीला अजिबात नको, मग भाडं कितीही मिळो.

उताराला लागण्याआधीच गिअर खाली घ्यायचा. ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं हा जीवघेणा प्रकार आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकासाठी वेगळं ब्रेक पेडल असतं, रस्त्यावर ती दोन्ही लॉकने एकत्र जोडलेली हवीत. शेतात वळायला उघडलेला लॉक तसाच राहिला आणि एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते.

झीज कुठे झाली? सगळ्यात जास्त हूकच्या पिनला. भोक लांबट होतं, मग प्रत्येक गिअरला ठोका बसतो आणि ठोक्याने भोक आणखी वाढतं. पिनच्या जागी साधा बोल्ट घालू नये, आट्यांपाशी तो तुटतो. पिनला खाली क्लिप आणि शिवाय एक साखळी हवीच. पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) आसाशी आवळणारे यू-बोल्ट नव्या ट्रॉलीत पहिल्या चार-पाच खेपांतच ढिले पडतात. तसेच राहिले तर पाट्याचा मधला बोल्ट तुटतो, आस सरकतो आणि ट्रॉली तिरकी चालून टायर एका कडेने खाते. तपासायला हूकच्या कड्यापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावायचा, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. हबचं बेअरिंग बघायला चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर खोलून, धुऊन, बेअरिंग खराब असेल तर बदलून, नवीन ग्रीस भरायचं आणि नट नीट आवळून खेळ काढायचा. जॅक लावताना दुसऱ्या चाकाला उटी (चाक अडवणारा दगड किंवा ठोकळा) विसरू नये.

एक तक्रार मात्र राहिलीच: मागचे दिवे फाळक्याच्या फारच खाली बसवलेत. उसाचे शेंडे लोंबले की ते पूर्ण झाकले जातात. त्यामुळे प्रत्येक खेपेला ऊस भरून झाल्यावर, दोर आवळायच्या आधी, लाल रिफ्लेक्टरचं कापड मोळ्यांवरून मागे सोडून बांधावं लागतं.