कॅमेऱ्याचं शटर बदलून नऊ महिने झाले, आता लिहितो

आधीच सांगतो, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की शटर राहतं बाजूला आणि दोन कंपन्यांचे भक्त एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. मधल्या रेंजचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान) डीएसएलआर आहे, २०१६ मध्ये नवा घेतलेला, शटरची लाइफ कंपनीने १,५०,००० क्लिक सांगितलेली, माझं गेलं २,१२,४१८ ला. मागच्या जूनमध्ये बदलून घेतलं, ९,२०० रुपये लागले आणि तेव्हापासून ३८ हजारांच्या वर क्लिक झालेत.

माझं म्हणाल तर नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, मेंटेनन्सला. सीझनला मित्राच्या जोडीने लग्नं करतो, म्हणजे फोटो काढायला, स्वतःचं एकच झालंय. आणि थंडीत रविवारी नांदूरमध्यमेश्वर. त्यामुळे माझा कॅमेरा दोन्ही बाजूंनी मार खातो, लग्नाला अडीच-तीन हजार फ्रेम सहज होतात आणि पक्ष्यांवर तर विचारूच नका, सेकंदाला सहाचा बर्स्ट, बटण तीन सेकंद दाबून धरलं की अठरा गेले, आणि त्या अठरांत बदक एकाही फोटोत धड नसतं.

शटर जाणार हे कॅमेऱ्याने मला आधी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. गेल्या वर्षीची रंगपंचमी, शनी चौकातली रहाड. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे जमिनीखाली बांधलेला जुना हौद, पेशवाईपासूनचा म्हणतात, एरवी बुजवलेला असतो आणि रंगपंचमीला उघडून त्यात रंग करतात, मग पोरं वरून उड्या मारतात, त्याला धप्पा म्हणतात. मी ओळखीच्या एका वाड्याच्या गॅलरीत उभा, पाणी हवेत गोठलेलं दिसावं म्हणून शटरचा स्पीड १/४००० सेकंद ठेवलेला. घरी येऊन बघतो तर बऱ्याच फोटोंत वरच्या बाजूला काळपट पट्टा. मला वाटलं गॅलरीच्या पत्र्याची सावली असेल. सावली प्रत्येक फोटोत त्याच जागी कशी येईल एवढं डोकं तेव्हा चाललं नाही.

नंतर दोन महिने लग्नं केली आणि सगळे फोटो चकाचक, म्हणून विसरूनही गेलो. इथेच फसायला होतं, नीट वाचा. डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला खाली जातो आणि सेन्सर उघडा पडतो, मग दुसरा मागून येऊन झाकतो. लग्नात हॉलमध्ये फ्लॅश लावून १/१२५ ला काढतो तेव्हा पहिला पडदा पूर्ण जाऊन पोचलेला असतो, सेन्सर आख्खा उघडा असतो आणि मग आरामात दुसरा निघतो, त्यामुळे एखादा पडदा किंचित रेंगाळला तरी फोटोत काही कळत नाही. १/४००० ला मात्र पहिला नुकताच निघालेला असतानाच दुसरा त्याच्या पाठीमागे सुटतो आणि दोघांच्या मध्ये फक्त एक बारीक फट सेन्सरवरून सरकत जाते. १/८००० ला ती फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. क्रॉप सेन्सरची उंची सोळा मिलिमीटरच्या आतबाहेर, ते अंतर पडदा साधारण चार मिलिसेकंदांत किंवा त्याहून लवकर कापतो, म्हणजे पुढचा जरासा दमला की मागचा त्याला गाठतो, फट मिटते आणि तेवढा भाग काळा. लेन्समधून चित्र उलटं पडतं, म्हणून पडद्याच्या प्रवासाचा शेवट फोटोत वर दिसतो. माझा पट्टा वर का होता ते असं.

तेव्हा टेस्ट करायची ती अशी: दुपारी उन्हातली पांढरी भिंत, तिच्यावर कॅमेऱ्याचा जो सर्वांत जास्त स्पीड असेल त्याला दहा-पंधरा फोटो काढायचे आणि शेजारी शेजारी लावून बघायचे. पाचवा वरून काळा, आठवा ठीक, नववा परत काळा असं दिसलं की समजायचं. सेकंडहँड घेतानाही हेच करा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, कारण आपल्याकडच्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि त्याचेच पट्टे येऊन उगाच चांगल्या कॅमेऱ्यावर आळ येईल.

मी हे काही केलं नव्हतं. मे महिन्यात दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर हळदीला, नवरीच्या मामी ओल्या हळदीचे हात घेऊन पुढे आल्या, मी बटण दाबलं, खट्ट असा अर्धाच आवाज आणि व्ह्यूफाइंडर अंधार. आतला आरसा वर अडकलेला, स्क्रीनवर एरर. बॅटरी काढ, घाल, कार्ड बदल, सगळं करून झालं, दोन फोटो निघाले आणि परत तेच. मित्राच्या गाडीत दुसरी कॅमेरा बॉडी होती म्हणून अब्रू वाचली, आणि हळदीलाच गेलं, दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांत नाही गेलं, हे नशीब. पैसे घेऊन काम करणाराने दोन बॉड्यांशिवाय लग्नाला उभं राहू नये, शटर काउंट (आतापर्यंत झालेले क्लिक) दहा हजार असला तरी.

रिपेअरची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. सर्व्हिस सेंटरने मेन बोर्डही बदलावा लागेल म्हणत जे एस्टिमेट दिलं त्यात अजून थोडे घातले असते तर हेच मॉडेल सेकंडहँड आलं असतं. नाशिकमधला रिपेअरवाला म्हणाला मी मुंबईलाच पाठवणार, वीस दिवस धरा. म्हटलं मग मीच जातो, सकाळची पंचवटी पकडली, सीएसएमटीला उतरून चालत बोरा बाजार. तिथे वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत एक काका बसतात, त्यांनी कॅमेरा क्लीनिंग मोडला टाकून आरसा वर केला, टॉर्च मारला आणि मलाच म्हणाले, बघा. पाच मिनिटांत निदान. बोर्ड ठणठणीत होता.

जुनं शटर त्यांनी पिशवीत घालून परत दिलं, ते आत्ता लिहिताना टेबलावर आहे. काड्यापेटीपेक्षा थोडंसं मोठं, काळी चौकट, मध्ये खिडकी आणि तिच्यावर एकमेकांवर सरकणारी पातळ पाती, वहीच्या पुठ्ठ्यापेक्षाही पातळ. एका पात्याचा रिव्हेट ढिला झालाय आणि ते तिरकं होऊन शेजारच्याला घासतंय, घासल्याचा ओरखडा बोट लावलं की जाणवतो. बाकी मोटर, स्प्रिंग, कॉइल सगळं शाबूत. दोन लाख बारा हजार उघडझापी आणि गेलं काय, तर एक रिव्हेट. (तुमच्या चालू कॅमेऱ्यात मात्र बोट लावू नका, फुंकर नको आणि तो प्रेशरचा स्प्रे तर अजिबात नको, पाती वाकतात.)

आता या आकड्याबद्दल, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. साधारण पायरी अशी आहे की नवशिक्यांसाठीच्या बॉड्यांना १ लाखाच्या आसपास, कॅनन ५डी मार्क ४ ला १.५ लाख, निकॉन डी८५० ला २ लाख, निकॉन डी५ ला ४ लाख आणि कॅनन १डीएक्स मार्क ३ ला ५ लाख. एवढ्या क्लिकपर्यंत टेस्टिंग केलेलं असतं, एवढ्याच म्हणजे एक्स्पायरी डेट नाही. आमच्याकडे कंपनीत बेअरिंगची एल-१० लाइफ काढतात, तिचा अर्थ एवढाच की तेवढ्या फेऱ्यांपर्यंत शंभरातली नव्वद बेअरिंग टिकतील. तुमचं बेअरिंग नव्वदातलं की दहातलं हे आकडा सांगत नाही. मी त्याच नजरेने शटरकडे बघतो. ४० हजाराला गेलेलं शटरही पाहिलंय आणि साडेतीन लाखाला कुरकुर न करता चालणारंही, दोन्ही ओळखीच्यांकडे. घरगुती वापर असेल, वर्षाला पाच हजार फोटो, तर दीड लाखाला तीस वर्षं लागतील, त्याआधी चार्जर मिळायचा बंद होईल. तुम्ही शटरचा विचारच करू नका.

काउंट कुठे खर्च होतो हे मात्र माहीत पाहिजे. दहा मिनिटं बल्ब मोडवर (बटण दाबलंय तोवर शटर उघडं) ठेवलं तरी तो एकच क्लिक. व्हिडिओत दर फ्रेमला शटर हलत नाही, एकदा उघडलं की उघडंच. खाऊन टाकतो तो टाइमलॅप्स. पावसाळ्यात अंजनेरीवर ढग उतरतात त्याचा मी एकदा तीन तासांचा केला होता, दर पाच सेकंदांना एक, म्हणजे २,१६० क्लिक, आणि हाती आला जेमतेम दीड मिनिटाचा व्हिडिओ ज्यात शेवटची चाळीस सेकंद नुसता पांढरा धूर. आता टाइमलॅप्स मोबाइलवर.

बदलल्यानंतरचा अनुभव सगळा गोड नाही. पहिल्याच आठवड्यात गंगापूर रोडला एका साखरपुड्याचा ग्रुप फोटो काढला तर डावीकडचे दोन काका कायम सॉफ्ट, म्हणजे जरा धूसर. शटर काढायला सेन्सर उतरवावा लागतो आणि तो परत बसवताना मागच्या बारीक शिम (पातळ चकत्या) जशाच्या तशा बसल्या नाहीत तर सेन्सर केसभर तिरका बसतो. परत पंचवटी, परत बोरा बाजार, काकांनी पैसे न घेता नीट करून दिलं पण माझी एक रजा गेली. तेव्हा शटर बदललं की भिंतीवर पेपर चिकटवून चारही कोपरे बघा, आणि ते तिथेच दुकानात बघा, घरी येऊन नको.

दुसरं, माझ्या बॉडीत काउंट शून्य झाला नाही, पुढेच चाललाय, आज २,५०,९०० च्या पुढे आहे. विकायला काढला तर घेणारा हाच आकडा बघणार म्हणून बिल कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवलंय. उलट बाजूनेही सांभाळा, फोटोच्या फाइलचा नंबर ९९९९ झाला की परत १ पासून सुरू होतो, त्यामुळे ‘बघा, तीन हजारच फोटो झालेत’ म्हणून फाइलचं नाव दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघा. काही कंपन्यांच्या जेपेगमध्येच खरा काउंट लिहिलेला असतो, काहींना केबल लावून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो.

मग ९,२०० वसूल झाले का? दीड लाख धरले तर क्लिकला सहा पैसे पडतात. हा हिशोब मी घरी बोललो ही चूक झाली, आता मी बर्स्ट मारला की बायको आतून ओरडते, ‘वाजला रुपया!’ आणि खरंच, अठरा क्लिक म्हणजे रुपया आणि वर आठ पैसे. त्याने माझा हात थोडा आखडला हे मान्य, थंडीत नांदूरला गेलो तर पूर्वीच्या निम्मे फोटो आणले आणि कामाचे तेवढेच निघाले.

शटरने नऊ महिन्यांत काही त्रास दिलेला नाही. त्रास बाकीचे देतायत, ग्रिपचं रबर फुगून सुटलंय, फेविक्विकने चिकटवलंय ते परत सुटतंय, कार्डाचा दरवाजा हलक्या हाताने लावावा लागतो आणि मागचं व्हील फिरवलं की कधी कधी उलटंच मोजतं. म्हणजे नवीन शटर जुन्या घरात राहायला आलंय. बॉडीची विकायची किंमत शटरच्या खर्चाच्या दुप्पट तरी येत असेल आणि तुमच्या लेन्स त्याच माउंटच्या (त्याच बॉडीला बसणाऱ्या) असतील तर शटर बदला, नाहीतर सोडा.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घे म्हणून सांगणारे येतीलच. निकॉन झेड९ मध्ये २०२१ पासून मेकॅनिकल शटरच नाही, झिजणार काय. पण तो सेन्सर अतिशय वेगाने वाचला जातो म्हणून जमतं. मित्राच्या साध्या मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटर (पडदे न हलवता फोटो) लावून आम्ही एका रिसेप्शनला स्टेजमागच्या एलईडी वॉलसमोर फोटो काढले तर नवरा-नवरीवर साडीच्या काठासारखे पट्टे, आणि फ्लॅश तर त्या मोडला पेटतच नाही. शेवटी त्यानेही मेकॅनिकलवरच टाकलं.

या रंगपंचमीला परत त्याच गॅलरीत होतो, १/४०००, भरपूर धप्पे. एकाही फोटोत पट्टा नाही. एक फोटो मात्र वरून अंधारा आला, मी घाबरून झूम केला, तर ती खरंच पत्र्याची सावली होती.