पाच-सहा हजारांचं एअर पिस्तूल घ्यावं का? गावातल्या नेमबाज पोरांच्या आईवडिलांसाठी

किराणा दुकानातून लोखंडी मापं मागून आणली. अर्ध्या किलोच्या मापाला सुतळी बांधली, शाळेमागच्या मोकळ्या जागेत पाच-सहा हजारांच्या एअर पिस्तुलाची नळी आभाळाकडे धरली आणि सुतळीचा फास ट्रिगरमध्ये अडकवला. नळीत साफसफाईची फेल्टची गोळी होती, कारण स्प्रिंगचं पिस्तूल रिकामं उडवलं की खराब होतं. मग पिस्तूल हळूहळू वर उचललं. माप जमिनीवरून उठलं, लोंबकळलं, पण ट्रिगर जागचा हलला नाही. एक किलोचं लावलं, तरी नाही. दोन किलोला ट्रिगर जरासा सरकला आणि मध्येच अडकला. दोनावर आणखी अर्धा किलो टांगला तेव्हा कुठे ‘खट्’ आवाज आला.

आठवीतल्या मुलीचे वडील शेजारी उभे होते. कापसाचे चुकारे नुकतेच हातात आले होते आणि मुलीसाठी ‘स्वतःचं पिस्तूल’ घ्यायचं त्यांच्या मनात होतं. “सर, एवढा जोर लागते? माह्या पोरीच्या बोटात एवढी ताकद कुठून येईन?”

प्रश्न अगदी बरोबर होता. १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ट्रिगर ओढायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. तपासणीच्या टेबलावर असंच वजन टांगून ते बघतात. चांगल्या पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमच्या किंचित वर, दरवेळी त्याच जागी, न अडखळता सुटतो. आमच्या हातातल्या पिस्तुलाला त्याच्या पाचपट ओढ लागत होती, आणि तीही टप्प्याटप्प्याने. हात लांब करून, एका हाताने किलोभराचं पिस्तूल धरलेल्या मुलीने अडीच किलोचा ट्रिगर ओढला की नळी हलणारच. ती हलू नये म्हणून मुलगी मनगट आवळायला शिकते, शेवटच्या क्षणी झटका द्यायला शिकते. पुढे चांगलं पिस्तूल हातात आलं तरी ही खोड सुटायला वर्ष जातं. मी स्वतः दोन मुलांची खोड काढण्यात असं वर्ष घालवलं आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: स्पर्धेसाठी पोर तयार करायचं असेल तर पाच-सहा हजारांचं स्प्रिंगचं पिस्तूल घेऊ नका. का, आणि त्याऐवजी काय, ते पुढे.

त्याआधी दोन गोष्टी लवकर उरकतो, कारण आमच्या विदर्भातल्या हिंगणघाट-समुद्रपूरकडे ‘पिस्तूल’ म्हटलं की लोक दचकतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघतो, म्हणजे जेमतेम सहा ज्यूल. पक्कं बिल घ्या, ते पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा आणि एसटीत पेटी बंद ठेवूनच चढा. दुसरं, “रानडुकरं हाकलाले कामी येईन का जी?” असं विचारणारे भेटतातच. नाही येत. डुक्कर जखमी होईल, बिथरेल आणि माणसावर येईल. हे कागदावर भोक पाडायचं साधन आहे, तेवढंच.

बाजारात मुलांसाठी जी पिस्तुलं दिसतात ती छर्रा ढकलायची ताकद कुठून आणतात यावरून चार जातींची. भाव आयातीप्रमाणे हलतात, म्हणून मी अंदाजच देतो.

पहिली जात स्प्रिंगची. नळी सांध्यात वाकवून भरायची, आत दट्ट्या. चार ते सहा हजारांत येतं. ट्रिगरचं वर आलंच. दुसरा दोष त्याहून मोठा आहे आणि दुकानदार तो कधीच सांगत नाही. नेमबाजीचा बराचसा सराव छर्ऱ्याशिवाय होतो. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पुढची माशी आणि मागची खाच (नेम धरायच्या खुणा, म्हणजेच साईट) जुळवायची, ट्रिगर सोडायचा आणि त्या क्षणी माशी हलली का ते बघायचं. याला आम्ही ड्राय म्हणतो. खेड्यातल्या मुलाकडे रेंज नसते, भिंत असते, त्यामुळे त्याच्यासाठी ड्राय हीच खरी शाळा. स्प्रिंगच्या पिस्तुलात पुढे छर्रा नसला की दट्ट्या हवेच्या उशीशिवाय जाऊन आदळतो, वायसर फाटतो, स्प्रिंग बसते. म्हणजे जो सराव फुकट आणि सगळ्यात जास्त करायचा, तोच या पिस्तुलावर करता येत नाही. शिवाय छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत दट्ट्याचा धक्का हाताला बसतो, म्हणून नेम बरोबर असूनही गोळी कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. पोराला वाटतं आपलंच चुकलं. हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुसरी जात गॅसची, १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या लागणारी. दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळतात. धक्का नाही, बऱ्याच मॉडेलांचा ट्रिगर सुसह्य, दिसायलाही देखणी. पुण्यातल्या वातानुकूलित हॉलमध्ये मी कदाचित हो म्हटलं असतं. विदर्भात नाही म्हणतो. कुपीतल्या गॅसचा दाब तापमानावर ठरतो: १० अंशांना साधारण ४५ बार, ३० अंशांना ७२ च्या आसपास. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी सातला टिनाच्या शेडमध्ये १० अंश असतात आणि दुपारी तिथेच ३०. त्याच पिस्तुलातून सकाळी छर्रा खाली लागतो, दुपारी वर. मधल्या वेळात मुलगी साईटचे स्क्रू फिरवत बसते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कुप्या ठेवायच्या कुठे हाच प्रश्न, कारण ५० अंशांच्या वर त्या तापू देऊ नका असं डब्यावरच लिहिलेलं असतं. पत्र्याच्या घरात किंवा उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत ५० अंश व्हायला वेळ लागत नाही. त्यात भर म्हणजे कुप्या गावात मिळत नाहीत. मागवाव्या लागतात, संपल्या की सराव बंद.

तिसरी जात आमच्यासारख्यांसाठी खरी कामाची, पण लोकांना ठाऊक कमी. एका दमाची. बाजूचा, खालचा किंवा वरचा लांब दांडा उघडून एकदा मिटायचा, तेवढ्यात एका गोळीची हवा भरते. सिलिंडर नाही, कुपी नाही, पंप नाही. हवा दरवेळी तेवढीच, म्हणून गोळी दरवेळी त्याच वेगाने. रशियातल्या इझेव्हस्कचं आयझेडएच-४६ एम आणि जर्मनीचं वायराउख एचडब्ल्यू-७५ ही यातली नावाजलेली. आयझेडएचचा ट्रिगर हवा न भरता चढवता येतो, म्हणजे ड्रायची सोय आहे. ही पिस्तुलं जुन्या नेमबाजांकडे वापरलेली मिळतात आणि तुम्हाला मिळालं तर सोडू नका. एकच अडचण: दांडा मिटायला जोर लागतो. ६० गोळ्यांच्या सामन्यात, आधीच्या साईटरसकट (गुण न धरता नेम जुळवायला मारायच्या गोळ्या), तो सत्तर-ऐंशी वेळा मिटायचा. अकरा-बारा वर्षांच्या बारीक हाताच्या मुलाचा खांदा तिथेच संपतो. नववी-दहावीतल्या, शेतात राबलेल्या मुलांना मात्र काही वाटत नाही. लहान मुलांसाठी मी सरावात दांडा मिटायला मोठ्या मुलाला शेजारी बसवतो.

चौथी जात सिलिंडरची, ज्यावर आज सगळी स्पर्धा चालते. २०० बारपर्यंत हवा भरायची, एका भरणीत शंभराच्या वर गोळ्या. यात दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांची दोन लाखांच्या आसपासची आणि त्यावरची पिस्तुलं. खालच्या पायरीवर हेमर्ली एपी-२० सारखं लाखाच्या अलीकडे-पलीकडे मिळणारं. या दोन पायऱ्यांतला फरक लाखाचा आहे, पण नवशिक्याच्या गुणांत तो लाखाचा दिसत नाही. हेमर्लीचा ट्रिगर ५०० ग्रॅमवर बसवता येतो, ग्रिप हाताप्रमाणे जुळवता येते, वजन किलोच्या आत. महाग पिस्तुलात धक्का शोषणारी यंत्रणा असते, ट्रिगर जास्त मऊ असतो, साईट जास्त बारकाईने हलते. राज्य स्पर्धेत ६०० पैकी ५५० च्या पुढे गेलेल्या मुलाला ते सगळं कळतं. ४८० मारणाऱ्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या मोहात पडू नका. पिस्तूल ऐन सामन्यात बिघडलं की काय होतं, त्यासाठी मनू भाकरचं टोकियो ऑलिम्पिक आठवा. २०२१ च्या जुलैमध्ये १० मीटरच्या पात्रता फेरीत तिचं पिस्तूलच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या जागी राहिली. अंतिम फेरीत आठच जणी जातात. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य आणलं. तिच्या मागे प्रशिक्षक होते, हाताशी दुसरं पिस्तूल होतं. आपल्या पोराच्या मागे दुरुस्ती करणारा सगळ्यात जवळ पुण्या-मुंबईला. साधा यांत्रिक ट्रिगर असू द्या. त्याचा स्क्रू मास्तरलाही समजतो.

आता हवा कुठून आणायची? हातपंप घ्या. तो सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण शेवटच्या ५० बारला अंगाचं वजन टाकावं लागतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही, तो दहाएक बारच्या पुढे जात नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन पिस्तुलात कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून भरू नका. आतल्या तेला-ग्रीसशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो आणि सिलिंडर मुलाच्या हातात, तोंडासमोर असतो. एका गावात असं भरायची तयारी चालली असल्याचं कळलं तेव्हा मी मोटारसायकल काढून तिथे गेलो होतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये जातं, म्हणून पंपाला ओल टिपणारा फिल्टर हवाच.

वापरलेलं सिलिंडरचं पिस्तूल घेताना लोक फसतात ते इथे: सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक युरोपीय कंपन्या १० वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही. पिस्तूल ६० हजारांत मिळालं म्हणून खूश व्हायचं आणि नवीन सिलिंडरला आणखी पैसे मोजायचे, असं माझ्या ओळखीच्या एका पालकाचं झालं. विकणाऱ्याने तारखेचा शब्द काढला नव्हता. पिस्तूल हातात घेतल्यावर सिलिंडर आधी उलटा करून बघा.

ग्रिपचंही तसंच. लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशी येते आणि डाव्या-उजव्या हाताची वेगळी. मोठ्या माणसाची वापरलेली ग्रिप मुलीच्या हातात सैल बसते. आमच्या गावचा सुतार कानशीने घासून आणि लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून, थापून ती हाताबरहुकूम करून देतो. पण मनगटाला टेका मिळता कामा नये आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. मी सुताराकडून त्याच मापाची प्लायवूडची पेटी करून घेतली आहे, पिस्तूल ठेवायलाही तीच.

छर्ऱ्यांत काटकसर नको. चपट्या डोक्याचेच घ्या, ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. आम्ही शिकंज्यात पिस्तूल आवळून १० मीटरवरून सुट्या स्वस्त छर्ऱ्यांच्या दहा गोळ्या मारल्या, तेव्हा भोकं बटणाच्या बाहेर पसरली. डब्यातले बरे छर्रे लावले तर दहाही भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटका खड्डा झाला. पिस्तूल तेच, आवळलेलं तसंच.

मग कमी पैशांत काय करायचं? मी पालकांना सांगतो, पहिले सहा महिने काहीच घेऊ नका. आमच्याकडे एक जुनं स्पर्धेचं पिस्तूल आहे आणि सात मुलं. पाळीपाळीने मारतात, उरलेला वेळ ड्राय. मुलगा किंवा मुलगी सहा महिने न कंटाळता, परीक्षेच्या दिवसांतही रोज अर्धा तास भिंतीसमोर उभी राहिली, तर तिच्यासाठी खर्च करायला हरकत नाही. मग आधी वापरलेलं एका दमाचं शोधा. नाही मिळालं आणि हात लहान असेल तर हेमर्लीच्या पायरीवरचं, शक्यतो दोन-तीन घरांनी मिळून. त्यावर कॅप्टन इझेकील स्मृती राज्य स्पर्धेपर्यंत मूल आरामात जातं. पाच हजार तेवढेच हातात असतील तर त्याचे छर्रे, कागदी टार्गेटं आणि क्लबची वर्गणी भरा.

आठवीतल्या त्या मुलीच्या वडिलांनी चुकाऱ्यातले पैसे सध्या बँकेत ठेवले आहेत. नागपूरला एकाकडे वापरलेलं आयझेडएच असल्याचं कळलं आहे. येत्या रविवारी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने जाणार. दांडा तिच्याच हाताने मिटवून बघायचा आहे, लागोपाठ वीस वेळा. पिशवीत अर्ध्या किलोचं माप, सुतळी आणि स्टीलची पट्टी आत्ताच टाकून ठेवली आहे.