रणातल्या रानवाटा: कर्नाळा, नागला आणि सिद्धगडचा पायथा

किल्ल्यावर जाऊया म्हटलं की घरातले निम्मे लोक गुडघ्याकडे बोट दाखवतात. खाली दिलेल्या तिन्ही वाटा त्यांनाही जमतील अशा आहेत. बहुतेक चालणं रानातून, चढ मोजका, आणि तिन्ही ठिकाणी कधी ना कधी माणसं लढलेली. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येतं. वाट जोखताना सावली, पाणी, गाड्यांची सोय हे पाहिलंच, पण पहिला प्रश्न एकच ठेवला: लढाई नेमकी इथेच का झाली, हे चालताना दिसतं का? दिसत नसेल तर तेवढंच चालणं येऊरलाही होतं.

कर्नाळ्याबद्दल एक तक्रार ठरलेली असते. म्हणे पक्षी अभयारण्य, आणि आत शिरल्यावर पहिला बराच वेळ ट्रकचे हॉर्नच ऐकू येतात. तक्रार खरी आहे. पण त्या आवाजातच किल्ल्याचं कारण दडलेलं आहे. पनवेलकडून पेणकडे जाणारा महामार्ग डोंगरांमधल्या ज्या खिंडीसारख्या जागेतून जातो, तिथूनच जुनी वाट जायची. बोरघाटातून उतरलेला माल कोकणातल्या बंदरांकडे जाताना कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याच्या नजरेखालून जाई. म्हणून १५४० मध्ये गुजरातचा सुलतान, अहमदनगरचा निजामशहा आणि वसईचे पोर्तुगीज या तिघांची त्यावरून ओढाताण झाली, १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने तो मोगलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांचा कर्नल प्रॉथर आला. १६७० च्या चढाईत मराठ्यांनी माती आणि फळ्यांचे आडोसे उभे करत, ते पुढे नेत नेत डोंगर चढल्याची नोंद आहे. खालच्या रानात दोन झाडांमागे माणूस सहज लपतो आणि वर मान केली की उघडा कातळ दिसतो. फळ्या कशाला लागल्या असतील ते उभ्या जागी कळतं. त्यासाठी वर चढायची गरज नाही.

वर जाऊच नका असं आमचं म्हणणं नाही, पण सोप्या वाटेच्या शोधात आलेल्यांनी किल्ल्याची वाट सोडून द्यावी. ती सलग चढते, वर मुरमाड आहे, आणि सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर अरुंद जागेत पळायला वाव नसतो. खाली अभयारण्यात दोन निसर्गवाटा आखलेल्या आहेत. हरियाल ही छोटी, किलोमीटरभराची. मोरटका लांब, चार किलोमीटरच्या घरातली. पक्षी बघत, थांबत चाललं तर रानात ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त वेग पडत नाही. म्हणजे हरियालला पाऊण तास आणि मोरटक्याला दोन ते अडीच तास धरा. लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर हरियाल पुरे. भृंगराज आणि स्वर्गीय नर्तक बघायचे तर ऑक्टोबर ते मार्च, आणि तेही सकाळी नऊच्या आत. नऊनंतर सहलीच्या बस येतात आणि पक्षी आत सरकतात.

जाण्याची सोय तिघांत इथली सर्वांत चांगली. ठाण्याहून पनवेल लोकल, पुढे पेण किंवा अलिबागकडे जाणारी एसटी. पनवेल स्टेशन आणि एसटी स्टँड एकाला एक लागून नाहीत, मधे रिक्षा करावी लागते. गाडीत चढण्याआधी कंडक्टरला ‘अभयारण्याला थांबणार का?’ असं स्पष्ट विचारा, कारण विनाथांबा गाडीत बसलात तर पेणलाच उतराल. जाताना किंवा येताना एकदा तरी हा महामार्ग पायी ओलांडावा लागतो. गाड्या उतारावरच्या वेगाने येतात, तेव्हा मुलांचा हात धरूनच. फाटकावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेण्याची पद्धत आहे. डबे स्टीलचे आणि बाटल्या धातूच्या नेल्या की ते मोजमाप आणि परतीची रांग दोन्ही टळतात.

परतताना पनवेलच्या वाटेवर शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव, साल १८४५. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. सकाळी किल्ला खालून पाहिला आणि दुपारी हे घर, की १८१८ मध्ये किल्ला जाणं आणि १८७९ चं फडक्यांचं बंड यांच्यातलं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कर्नाळ्याचा दिवस शिरढोणशिवाय अर्धाच.

नागल्याची वाट तिघांत सर्वांत सपाट आणि ठाणेकरांना सर्वांत जवळ, पण तिथला इतिहास बरोबर घेऊन जावा लागतो. नुसतं चालून तो सापडत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा उत्तरेकडचा तुकडा घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी यांच्या मधे आहे. ससूपाड्याकडून आत शिरायचं, रुंद वाटेने मिश्र रानातून चालायचं आणि शेवटी खाडीकाठच्या तिवरांपाशी पोचायचं. पलीकडचा काठ वसईचा, त्यामागे तुंगारेश्वर आणि कामणचे डोंगर.

या पाण्यासाठीच १७३७ ची मराठ्यांची पोर्तुगीजांवरची मोहीम झाली. चिमाजी अप्पांच्या फौजेने त्या मार्चमध्ये आधी ठाणं घेतलं. पोर्तुगीजांचा तिथला किल्ला तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. आज त्यातच मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच मोहिमेत घोडबंदर पडलं. खाडीच्या दक्षिणेचं साष्टी बेट हातचं गेलं आणि वसईच्या पोर्तुगीजांची दक्षिणेकडची वाट तुटली. तरी वसई पडायला १७३९ चा मे उजाडला. काठावर उभं राहिलं की खाडी किती अरुंद आहे हे पाहून आधी आश्चर्य वाटतं, आणि ओहोटीचा चिखल पाहिला की ते ओसरतं. होडी लागायला भरती हवी, आणि भरती दिवसातून दोनदाच.

म्हणून नागल्याला जाताना कॅलेंडरमधली तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. कृष्ण पक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासूनच. खाडीत आतवर पाणी समुद्रापेक्षा उशिरा पोचतं, तेवढा वेळ वाढवून धरा. तृतीया-चतुर्थीला सकाळी नवाच्या सुमारास काठावर पोचलात तर चिखल उघडा असतो, तिवरांची श्वासमुळं बोटांसारखी वर आलेली दिसतात आणि चिखलात चरणारे पक्षी समोर असतात. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे आपण नसताना. चिखलात मात्र उतरू नका. वरून वाळलेला दिसतो आणि पाय पोटरीपर्यंत जातो, चप्पल आतच राहते.

वनखात्याची परवानगी आधी विचारून घ्या, फाटकावर जाऊन वाद घालण्यात सकाळ जाते. हे बिबट्याचं रान आहे. चार-पाच जणांनी एकत्र, मुलं मधे ठेवून, उजाडल्यानंतर जायचं आणि दुपारी बाहेर यायचं. वाटेत काही विकत मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी लागतंच, कारण खाडीकाठच्या दमट हवेत सावलीतही घाम थांबत नाही. मार्चनंतर आम्ही ही वाट कोणाला सुचवत नाही. आणि रस्ता: घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात गाड्या अडकल्या तर वाटेपेक्षा वाटेपर्यंतचा प्रवास मोठा होतो. साडेसहाच्या आत माजिवडा सोडलेलं बरं. परतताना हौस असेल तर घोडबंदरचा किल्ला पाहून घ्या. चढ थोडा, सावली नाही, पण खाडीचं वळण तिथून जितकं स्वच्छ दिसतं तितकं नागल्यातून दिसत नाही.

तिसरी वाट सिद्धगडच्या पायथ्याची, मुरबाड तालुक्यातली, आणि पहिल्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर देणारी. इथलं युद्ध दुसरं महायुद्ध. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीने, मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. ती वीज सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांतून कर्जतच्या बाजूने खाली उतरायची आणि तिच्यावर गिरण्या व कारखाने चालायचे, तेही युद्धाच्या मालाची मागणी असताना. पोलीस मागे लागल्यावर दस्ता सिद्धगडच्या रानात आला, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे इथे झालेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. गडाच्या पायथ्याशी, बोरवाडीच्या बाजूला त्यांचं स्मारक आहे.

इथेच का? स्मारकापाशी उभं राहून चारही बाजूंना बघा. एका बाजूला गड आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत, भीमाशंकरच्या अभयारण्याचं दाट रान, वर माचीवर वस्ती, आणि घाटावर निघणाऱ्या पायवाटा. लपायला याहून चांगली जागा नाही. पण खालची वाट कोणी अडवली की बाहेर पडायला उभा चढच उरतो. बोरवाडीपासून स्मारकापर्यंत चालणं थोडं आहे. त्यापुढे माचीची वाट चढू लागते. सोपी वाट हवी असेल त्यांनी तिथूनच मागे फिरावं. वेळ उरला तर चढण्यापेक्षा रानाच्या कडेने शांत बसा, शेकरू चालताना दिसत नाही, थांबल्यावर दिसतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम, पण त्याच दिवसांत दोन गोष्टी सतावतात. पहिली गवताची कुसळं. लोकरीच्या किंवा सैल विणीच्या मोज्यांत ती घुसतात आणि चालताना टोचत आत जातात, म्हणून गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट आणि तिचे पाय मोज्यांवरून घट्ट बांधलेले. दुसरी खाजकुयली. तपकिरी, मखमली लव असलेल्या शेंगा वेलीवर लोंबताना दिसल्या की हात लांब. लव लागलीच तर चोळायचं नाही, चोळल्याने ती कातडीत रुतते. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग गार पाण्याने धुवायचं. बॅगेत चिकटपट्टीचं एक रीळ ठेवायला काहीच जड नाही. उतरताना वाळक्या सागाच्या पानांवर टाच न टेकता पूर्ण पाऊल टाका, खालचा मुरूम छर्‍यांसारखा घरंगळतो.

सोयीच्या बाबतीत ही वाट सर्वांत मागे. कल्याणहून मुरबाडला एसटी भरपूर, मुरबाडहून म्हसा, तिथून जांभुर्डे आणि पुढे बोरवाडी. म्हशाच्या पुढे गाड्या तुरळक, जीप भरली की सुटते. म्हणून म्हशालाच परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा किंवा चौघांत जीप ठरवा. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, पैसे रोख ठेवा. गावात जेवायचं तर जातानाच सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी मागितलं तर चूल पेटण्यापासून सुरुवात होते.

२ जानेवारीला पहाटे अभिवादनासाठी स्मारकावर गर्दी होते. तो सोहळा पाहायचा तर आदल्या रात्रीच पोचायला हवं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या त्या थंडीला एक जाड पांघरूण पुरत नाही. निवांत चालायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस निवडा, फक्त पौष पौर्णिमा टाळा. म्हशाची जत्रा तेव्हा सुरू होते आणि बैलबाजारामुळे रस्ता तुंबतो.