१८५१ सालची म्हणून विकलेली टपालपेटी

माझे बाबा आमच्या गावच्या डाकघरात पोस्टमास्तर होते. त्यांच्या आठवणीसाठी वाचनालयापुढे जुनी बिडाची टपालपेटी उभी करायची, असं फार दिवस मनात होतं. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाजवळ ती दिसली. सहा बाजूंची, लालभडक, वर मुकुट, पोटावर व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, आणि खाली १८५१.

"राणीच्या जमान्यातली हाय भाऊ, नागपूरची. रंगही तवाचाच. लोहचुंबक लावून पाहा."

लावलं, चिकटलं. मी तिथंच यूपीआयने २२ हजार दिले. पावती मागितली नाही. पेटी टेम्पोतून उतरवायला चार जण लागले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

पहिल्याच पावसात तळाजवळचा रंग फुगला आणि आत वेल्डिंगची रेघ दिसली. गावच्या वेल्डरने हातोडी मारली, तर पोचा पडला. "दादा, बिडाला तडा जाते, पोचा नाही पडत," तो म्हणाला. तळ कापला तर आत सिमेंट भरलेलं! चुंबक काय, साध्या पत्र्यालाही चिकटतं.

खरं तर त्या आकड्यानेच मला सावध करायला हवं होतं. रस्त्यावरच्या बिडाच्या खांबपेट्या इंग्रजांनी आणल्याच १८५२ साली, त्याही इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर. तेव्हा टपालखात्यात असलेले कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांनी त्या सुचवल्या होत्या. सहा बाजूंचा, पेनफोल्ड नावाचा साचा १८६६ चा. लाल रंग सरसकट द्यायला सुरुवात झाली १८७४ मध्ये, त्याआधी पेट्या बहुतेक हिरव्या असत. आणि १८५१ मध्ये नागपुरात गादीवर भोसले होते, राज्य खालसा झालं १८५४ ला. सबंध हिंदुस्थानात चालणारं टपाल तिकीटही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं. तेव्हा डाक नेणारे ते हरकारे, घुंगराची काठी घेऊन रानावनातून धावणारे. बाबा त्यांच्याबद्दल किती जीव लावून सांगायचे, आणि मी बाबांच्याच नावाने खोटी पेटी घरी आणली, याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे.

खरीच शंभर वर्षांवरची पेटी असती, तर अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तोही मी विचारला नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, ठाणेदारांकडे लेखी तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत. मागच्या आठवड्यात दिग्रसच्या एका ओळखीच्यांना तसाच फोटो आला, फक्त साल १८५६ केलेलं. आर्णी, पुसदकडे कोणाला ही पेटी दाखवली तर पैसे देऊ नका. फोटो आणि विकणाऱ्याचा नंबर ठाण्यात द्या, माझी तक्रार तिथे आहेच.