तपकीर गल्लीतला आठ फुटी जाळीचा डिश-संच: छत्री उत्तम, माउंट कच्चा

फक्त डीडी फ्री डिश बघायची असेल तर हा संच घेऊ नका. ते प्रक्षेपण केयू-बँडमध्ये (आखूड लहरींच्या पट्ट्यात), ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून येतं आणि त्याला ६० सेंटिमीटरची साधी डिश पुरते. आठ फुटी जाळी सी-बँडसाठी, म्हणजे त्याहून लांब लहरींच्या पट्ट्यासाठी आहे: ८३ अंशांवरचा जीसॅट-३०, ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१७, ६८.५ अंशांवरचा इंटेलसॅट-२०. या उपग्रहांवरच्या पे वाहिन्या कितीही मोठी छत्री लावली तरी दिसणार नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. ज्याला मोफत वाहिन्या, त्याही मुसळधार पावसात न अडखळता, आणि एकाहून जास्त उपग्रहांवरून हव्या आहेत त्याच्यासाठी हे परीक्षण आहे.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात मिळणारा हा बिनब्रँडचा संच सुट्या भागांत येतो: आठ पाकळ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, मधली गोल प्लेट, एलएनबी (छत्रीने एकवटलेला संकेत पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा) धरायचे तीन पाय आणि पाइपावर बसणारा लोखंडी माउंट. पाइप वेगळा घ्यावा लागतो.

आधी छत्रीबद्दल, कारण ती खरोखर चांगली आहे. सी-बँडची तरंगलांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणून जाळीची भोकं साडेसात मिलिमीटरपेक्षा लहान हवीत. या जाळीची त्याहून बरीच बारीक आहेत. पुण्यात जाळी घेण्याचं आणखी एक कारण आहे. ८३ अंशांवरच्या उपग्रहासाठी इथे छत्री ६५.९ अंशांनी वर करावी लागते, म्हणजे तिची कड जमिनीशी जेमतेम २४ अंशांचा कोन करते. एवढ्या खोलीच्या भरीव पत्र्याच्या डिशमध्ये त्या स्थितीत खालच्या कडेजवळ पाणी साचतं आणि तिथे भोक पाडावं लागतं. जाळीत हा प्रश्नच येत नाही.

जोडताना एक चूक हमखास होते. एका पाकळीचे नट-बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की शेवटची पाकळी बसत नाही, मग ती ओढूनताणून बसवली जाते आणि छत्री पिळवटते. आठही पाकळ्या आधी सैल लावा, सगळे बोल्ट हाताने घाला आणि मग समोरासमोरचे आवळत जा. त्यानंतर दोऱ्याची परीक्षा: कडेच्या समोरासमोरच्या बिंदूंमधून दोन दोरे एकमेकांना काटकोनात ताणा. मध्यावर ते नुसते टेकले पाहिजेत. त्यांच्यात फट राहिली किंवा एक दुसऱ्याला दाबत असला तर छत्री वाकडी आहे. अर्धा सेंटिमीटरपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर बोल्ट सैल करून पुन्हा जुळवा.

आता खोली मोजा. दोरे जिथे छेदतात तिथून मधल्या प्लेटपर्यंतचं अंतर ४० सेंटिमीटर आलं तर फोकस (संकेत जिथे एकवटतो तो बिंदू प्लेटपासून) किती, हे व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागून निघतं: २४४ गुणिले २४४ भागिले ६४०, म्हणजे ९३ सेंटिमीटर. पाकळ्या जास्त ताणल्या जाऊन खोली ४२ झाली तर हाच फोकस साडे८८ वर येतो. म्हणून दुकानातून सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, आपल्या छत्रीची खोली स्वतः मोजा. फोकसचा बिंदू फीडहॉर्नच्या (एलएनबीच्या पुढच्या नळीच्या) तोंडाच्या ५-६ मिलिमीटर आत धरायचा. तिन्ही पायांना लांब खाचा आहेत, त्यामुळे हे जुळवणं सोपं जातं, आणि ही या संचातली विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. गोल कड्यांची जी रिंग एलएनबीवर सरकते ती ०.३८ च्या (फोकस भागिले व्यास) खुणेवर ठेवा. शेवटी एलएनबीच्या तोंडापासून छत्रीच्या कडेपर्यंत चार ठिकाणी टेप लावा. चारही मापं सारखी आली की एलएनबी मध्यावर आहे.

आता माउंट. संचाचा खरा दोष इथे आहे.

आठ फुटी छत्रीचा सी-बँडमधला झोत सुमारे २.२ अंश रुंद असतो. निशाणा एक अंशाने चुकला तर संकेताच्या जोरातले सुमारे अडीच डेसिबल जातात, आणि आठ फुटी व सहा फुटी छत्रीतला फरकही नेमका तेवढाच आहे. म्हणजे एका अंशाच्या चुकीत दोन फुटांचे पैसे वाया. पुण्यात उपग्रह डोक्यावर बरेच उंच असल्यामुळे आडव्या दिशेतली चूक पचते: ८३ अंशांसाठी पाइपावर छत्री एक अंश फिरवली तर आकाशात निशाणा फक्त ०.४ अंश सरकतो. उंचीच्या कोनाला मात्र अशी सवलत नाही, तिथली चूक पूर्णच्या पूर्ण लागते. आणि या संचात उंचीचा कोन धरायला आहे काय, तर एका पट्टीतली वाकडी खाच आणि तिच्यातला एक बोल्ट. बोल्ट सैल केला की छत्रीचं सगळं वजन हातावर येतं, आवळला की कोन अर्धा अंश हलतो.

यावर उपाय स्वस्त आहे. १६ मिलिमीटरची पूर्ण आट्यांची सळी, चार नट आणि मोठे वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून घ्या आणि खाचेच्या जागी तिरकी बसवून दोन्ही बाजूंनी नट लावा. या सळीचे आटे २ मिलिमीटरचे असतात. बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर लावली तर नटाच्या एका फेऱ्याला छत्री साधारण ०.४ अंश हलते. पाव फेऱ्यापर्यंत बारकाईने जुळवता येतं आणि छत्री हातात धरावी लागत नाही. वेल्डिंगवाल्याकडून दोन कान लावून घ्यावे लागतील, एवढंच.

दुसरी गोष्ट दुकानातच तपासा. दिल्लीत ८३ अंशांसाठी छत्री ५६ अंश वर करावी लागते, पुण्यात ६५.९. उत्तरेकडच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेला माउंट कधी कधी साठ-बासष्टलाच अडतो. माउंट जोडायला सांगा, डिजिटल अँगल मीटर लावा आणि ६८ अंशांपर्यंत जातो का बघा. ६८.५ अंशांवरच्या इंटेलसॅटसाठी पुण्यात ६७.४ अंश लागतात. जात नसेल तर तो संच घेऊ नका.

पाइप तीन इंची, जाड भिंतीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घ्या, बाहेरचा व्यास ८९ मिलिमीटर. अंगणात रोवणार असाल तर खड्डा तीन फूट खोल, आणि माती काळी असेल तर मुरूम लागेपर्यंत आणखी खाली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइपाचा ओळंबा दर वर्षी बदलतो. गच्चीवर स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की गळती सुरू. लोखंडी चौकट बीमवर येईल अशी ठेवून तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे टाका. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्याच आकाराच्या भरीव डिशवर २५० किलोच्या वर जोर येतो. जाळीवर कमी येतो, पण एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळीचा विचार करून वजन टाका. पाइप उभा आहे की नाही ते पाणसळ दोन बाजूंनी, काटकोनात लावून बघा. इथे अर्धा अंश चुकला तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात.

दिशेचे आकडे पुण्यासाठी असे: ८३ अंशांचा उपग्रह खऱ्या उत्तरेपासून १५३ अंशांवर, ९३.५ चा १३१.७ अंशांवर आणि उंची ५८.८, ६८.५ चा १९६.५ अंशांवर. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत पुण्यात एका अंशाचाही फरक नाही, पण गच्चीवरची सळई आणि टाकीची लोखंडी चौकट होकायंत्राला फसवते. त्यापेक्षा ओळंब्याची सावली विश्वासाची. पुण्यात सूर्य माध्यान्हीला येण्याची वेळ वर्षभरात १२:१८ ते १२:४९ अशी सरकते. त्या दिवसाची वेळ पंचांगावरून किंवा मोबाइलवरून घ्या, त्या क्षणी पडलेली सावली नेमकी उत्तर-दक्षिण असते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हे जमत नाही, कारण शून्य सावलीच्या दिवसानंतर सूर्य उत्तरेला जातो आणि सावली अगदी आखूड राहते.

याहूनही सुंदर परीक्षा वर्षातून दोनदा मिळते. १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. ८३ अंशांसाठी ही वेळ मार्चमध्ये १२ वाजून दोन-तीन मिनिटांची, ऑक्टोबरमध्ये पावणेबाराच्या थोडी आधीची. त्या वेळी एलएनबीची सावली छत्रीच्या मध्यावर पडत असेल तर निशाणा अचूक आहे. कोणत्याही मीटरची गरज नाही.

शोधताना उंची आधी पक्की करा. छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सरळ लोखंडी पट्टी टेकवून तिच्यावर अँगल मीटर ठेवा. जमिनीशी २४.१ अंश दाखवला की ८३ ची उंची जुळली. मग एलएनबी वळवा: छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहिल्यावर ८३ साठी घड्याळाच्या उलट २५ अंश, ९३.५ साठी तब्बल ४५ अंश, आणि ६८.५ साठी घड्याळाच्या दिशेने साडे१५. पुण्यात बसलेल्या अनेक छत्र्यांवर एलएनबी सरळ शून्यावर असते आणि आडव्या व उभ्या ध्रुवीकरणाच्या (लहरींच्या कंपनाच्या दिशेच्या) वाहिन्या एकमेकींत घुसतात. दोष मग रिसीव्हरवर ढकलला जातो.

रिसीव्हरमध्ये लोकल ऑसिलेटर (एलएनबीची स्वतःची ठरलेली वारंवारता, मेगाहर्ट्झमध्ये) ५१५० भरा आणि त्या उपग्रहावरचा आज चालू असलेला, जास्तीत जास्त जोराचा ट्रान्सपाँडर (वाहिन्यांचा एक गठ्ठा पाठवणारा उपग्रहावरचा प्रक्षेपक) निवडा. रिसीव्हरमध्ये आधीच भरलेली यादी बहुधा जुनी असते, बंद पडलेल्या ट्रान्सपाँडरवर कितीही शोधलं तरी काही सापडत नाही. छत्री फिरवताना टीव्हीवरच्या स्ट्रेंग्थच्या पट्टीकडे बघू नका, ती एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटावरही चढते. क्वालिटीची पट्टी बघा. पाइपावर एक अंश म्हणजे पाऊण मिलिमीटर, म्हणून चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा करा. मिलिमीटरभर सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. थांबला नाहीत तर लॉक व्हायच्या आत उपग्रह मागे पडतो. क्वालिटी मिळाली की दोन्ही बाजूंना ती जिथे पडते तिथे खुणा करून छत्री बरोबर मध्यावर आणा, मग सळीच्या नटाने उंची, मग एलएनबीचा कोन, आणि शेवटी फोकस ५-५ मिलिमीटर आतबाहेर. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, क्वालिटी बघत. सगळं झाल्यावर छत्रीची खालची कड हाताने किंचित उचलून आणि दाबून बघा. कोणत्याही बाजूला क्वालिटी वाढली तर उंची अजून जुळलेली नाही. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे खोटे झोतही असतात. क्वालिटी कशीबशी काठावर थांबली तर आणखी पाच-सात अंश पुढे जाऊन बघायचा आळस करू नका.

संचाबरोबर मिळणारी एलएनबी बाजूला ठेवा. ती ३.४ गिगाहर्ट्झपासून ऐकते, आणि भारतात २०२२ च्या लिलावात ३.३० ते ३.६७ गिगाहर्ट्झ हा पट्टा फाइव्ह-जीला गेला. बाणेर, हिंजवडी, कोथरूडसारख्या टॉवरच्या दाटीत अशी एलएनबी टॉवरच्या जोरानेच बधिर होते: क्वालिटी रात्री बरी, दिवसा तुटक, किंवा काही वाहिन्या अजिबात नाहीत. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ एवढंच आत घेणारी फिल्टरवाली एलएनबी मागा. टॉवर समोरच दिसत असेल तर एलएनबी आणि फीडहॉर्नच्या मध्ये बसणारा धातूचा वेव्हगाइड फिल्टर लागेल.

सोबत दिलेली केबलही बदला. तिच्या गाभ्याचा तांब्याचा रंग फसवा आहे: चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे, आणि ३० मीटरच्या पुढे एलएनबीला १८ व्होल्ट पुरेसे पोचत नाहीत. लक्षण असं की उभ्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या लागतात, आडव्या लागत नाहीत. शुद्ध तांब्याची आरजी-६ घ्या, जोड दाबून बसवायच्या कनेक्टरचे करा, एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी जोडात न जाता झोळातून गळेल, आणि वर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा.

दुकानदार बसवून द्यायला माणूस देतात. बांधणी, पाइप, वजन ही कामं ते चांगली करतात, पण एलएनबीचा कोन आणि फोकस मोजणारा क्वचितच भेटतो. काम सांगताना दोन अटी घाला: छत्री जोडल्यावर दोऱ्याची परीक्षा तुमच्यासमोर, आणि पैसे देण्याआधी आडव्या व उभ्या, दोन्ही ध्रुवीकरणांच्या सर्वांत कमजोर ट्रान्सपाँडरची क्वालिटी टीव्हीवर. साधा बीप करणारा सॅटेलाइट फाइंडर विकायचा प्रयत्न होईल, तो घेऊ नका. तो कोणत्याही उपग्रहावर बीप करतो, नाव सांगत नाही. ट्रान्सपाँडर लॉक करून नेटवर्कचं नाव दाखवणारा मीटर मात्र भाड्याने मिळाला तरी घ्या.

छत्री, पाकळ्या, पाय यांना पाचपैकी साडेचार. माउंटला दीड, आट्यांची सळी लावल्यावर चार. एलएनबी आणि केबल न घेता संचाचा भाव करा, बहुतेक दुकानदार तेवढी रक्कम वजा करून देतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पाणसळ लावून पाइप बघा, आणि सगळ्या बोल्टांना ग्रीस लावायला विसरू नका, दोन पावसाळ्यांत ते असे गंजतात की पुढच्या वेळी उपग्रह बदलायला ग्राइंडर लागतो.