जिमवाल्या रबर टाइल्स (२० एमएम): खालच्या मजल्याची तक्रार थांबते का? ५ पैकी ४

जिमसाठी बघताय त्यांनी पुढे वाचू नका, हा रिव्ह्यू भाड्याच्या घरात ऑटिस्टिक माणूस घेऊन राहणाऱ्यांसाठी आहे. कोथरूडकडची जुनी सोसायटी, दुसरा मजला, घरात मी, आई आणि माझा धाकटा भाऊ, वय २४. त्याला उड्या मारायला लागतात. खूश असला की मारतो, टेन्शन आलं की अजून जोरात मारतो, आणि ते थांबवायचं नसतं कारण थांबवलं की तोच ताण दुसरीकडून बाहेर पडतो आणि ते सगळ्यांनाच जड जातं. खालचे काका वाईट माणूस नाहीत, बायपास झालीय, दुपारी पडतात आणि नेमकं तेव्हाच वर कोणीतरी खलबत्त्यात कुटतंय असं होतं त्यांना. त्यांचं मला पटतं. पण तक्रार आमच्याकडे यायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर गेली, सेक्रेटरींनी घरमालकाला फोन केला आणि मालकांचा मला मेसेज, "ॲग्रीमेंट संपत आलंय, बघा काय ते." बास, एवढ्यावर भाडेकरूची झोप उडते.

तर टाइल्स. जुन्या टायरच्या चुऱ्याच्या असतात, काळ्या, मधे निळे ठिपके. चौरस फुटाला सव्वाशेच्या आसपास पडल्या. त्याआधी एक साउंडप्रूफिंगवाला भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावायचं कोटेशन देऊन गेला होता, तसलं कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा. तो फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बरा. उडीचा दणका हवेतून जातच नाही, तो थेट स्लॅबमधून खाली उतरतो, आणि आपल्याकडे स्लॅबवर सिमेंट आणि त्यावर सरळ फरशी, मधे मऊ काही नसतंच. म्हणून जे काय करायचं ते पायाखाली.

फरक पडला का? पडला. काकूंनीच सांगितलं की आता "धाड" नाही, "धप" येतं. नुसत्या टाइलने तेवढं झालं नसतं, मी खाली लहान मुलांच्या खोलीत असतात ते एकमेकांत अडकवायचे फोमचे मॅट टाकले आणि वर रबर. टाइल्स फक्त त्याच्या कोपऱ्यात घातल्यात, अख्ख्या घरात नाही, त्याला ती जागा आपली वाटते आणि बहुतेक उड्या तिथेच होतात.

एक स्टार कापला तो वासाचा. नवीन टाइलला पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास, आणि ज्याला साबण बदलला तरी कळतं त्याच्या नाकाखाली ते ठेवणं म्हणजे भांडणच. गच्चीवर उन्हात टाका, साबणाच्या पाण्याने धुवा, परत टाका, घाई करू नका. तोवर तो त्या खोलीत गेलाच नाही. बाकी बारीक गोष्टी: फिकट फरशीवर रबराचा डाग बसू शकतो म्हणून मधे काहीतरी हवंच, नाहीतर डिपॉझिटमधून कापतील. दार आत उघडत असेल तर दाराच्या फिरण्याची जागा सोडा, २० एमएमवर दार अडतं. वजन भयंकर आहे, आमच्याकडे लिफ्ट नाही आणि डिलिव्हरीवाला गेटवर टाकून गेला.

टाइलने तोंडाचा आवाज थांबत नाही हे पण सांगते. तो संध्याकाळी मोठ्याने एकच सूर लावतो, त्याला काही उपाय नाही, खिडक्या लावून घेतो एवढंच. ग्रुपवर कोणीतरी डेसिबलचा नियम टाकला होता, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मधे ४५, सोबत मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट. हीच मंडळी गणपतीआधी नदीपात्रातल्या ढोलाच्या सरावाला अभिमानाने स्टेटस ठेवतात, तेव्हा माझा भाऊ कानावर हेडफोन दाबून बाथरूममधे बसलेला असतो. असो.

खरी गोष्ट अशी की टाइल आवाजावर आहे, घर टिकण्यावर नाही. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समधे मालकाला तुम्हाला काढायचं कारण द्यावंच लागत नाही, मुदत संपली की तो रिन्यू करत नाही आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जागा सोडायला लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, भेदभाव नको असंही आहे, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस तर पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते. पण खाजगी मालकाला ॲग्रीमेंट रिन्यू करच म्हणेल असं कलम त्यात नाही. म्हणून यंदा मी मालकांना काकांचा "आता ठीक आहे" असा मेसेज आणि टाइल्सचे फोटो पाठवले आणि सरळ ३३ महिन्यांचं ॲग्रीमेंट मागितलं. ऑनलाइन ६० महिन्यांपर्यंत होतं, स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणीचे शहरात १०००, म्हणजे दरवर्षी परत करण्यापेक्षा स्वस्तच. छापील मसुद्यात "शेजाऱ्यांना उपद्रव झाल्यास तात्काळ जागा खाली करावी" अशी ओळ असते, ती एजंट वाचून दाखवत नाही. ती काढून घ्या, नाहीतर आधी लेखी नोटीस आणि दोन महिन्यांची मुदत एवढं तरी घालून घ्या. भाऊ ऑटिस्टिक आहे हे आम्ही मालकांना आधीच सांगितलेलं, त्यावरून मागे दोन घरं हातची गेली, आई म्हणते सांगायला नको होतं. मला अजूनही सांगितलेलंच बरं वाटतं, नाहीतर पहिल्या तक्रारीला आपणच काहीतरी लपवल्यासारखे उभे राहतो.

मालक २२ महिन्यांवर तयार झाले, लॉक-इन दोन्ही बाजूंनी, म्हणजे मधेच ना ते काढू शकत, ना आम्ही सोडू शकत. घ्यायच्या असतील तर एक मीटर बाय एक मीटरच्या घेऊ नका, अर्ध्या मीटरच्या घ्या, जिन्यातून चढवता येतात. आणि दुकानदार फेव्हिकॉलसारखं काहीतरी सोबत विकायला बघेल, ते घेऊ नका, चिकटवल्या की घर सोडताना त्या निघत नाहीत.