शिवभोजन केंद्र, बसस्थानक परिसर : टाळेबंदीतल्या थाळीविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरातील एका शिवभोजन केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. गरिबांना स्वस्तात जेवणाची थाळी देणारी राज्य सरकारची ही योजना 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झाली आणि दोनच महिन्यांत कोरोनामुळे टाळेबंदी लागली. त्यामुळे या केंद्राची पारख हातावर पोट असणाऱ्यांच्या त्या दिवसांवरूनच करणे योग्य ठरेल.

थाळीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि मूदभर भात मिळत असे. आरंभी 10 रुपये असलेला दर मार्च 2020 अखेर 5 रुपयांवर आला आणि एप्रिल 2021 मध्ये थाळी मोफत झाली. भात गरम आणि मोकळा असे, भाजी बहुधा बटाट्याची किंवा कोबीची. वरण मात्र रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांपर्यंत येईतो पाणचट झालेले असे. चपाती ठरलेल्या मापाप्रमाणे 30 ग्रॅमची. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या हमालाचे किंवा गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याचे एवढ्याने पोट भरत नाही, हे वाढणाऱ्यांनाही दिसत होते.

तरीही हे केंद्र मला मोलाचे वाटते, कारण येथे रेशनकार्ड मागत नसत. त्या काळात सरकारने माणशी 5 किलो मोफत धान्य दिले, पण ज्यांचे कार्ड बीड-परभणीकडच्या गावात किंवा थेट बिहारमध्ये होते, त्यांना शहरात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. शिवाय धान्य मिळाले तरी दळण, गॅस आणि तेल-मीठ लागतेच. मजुरी बंद, किराणा दुकानदाराने उधारी थांबवलेली आणि खोलीभाडे डोक्यावर, अशा वेळी शिजवलेले अन्नच कामाचे ठरते. जालन्याच्या स्टील कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले 16 मजूर 8 मे 2020 रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सापडले, तेव्हा केंद्रावरच्या रांगेत, इथे थांबावे की गावाकडे निघावे, याशिवाय दुसरा विषय नव्हता.

उणिवा बऱ्याच होत्या. थाळ्यांचा इष्टांक, म्हणजे रोज द्यायच्या थाळ्यांची संख्या, ठरलेला असल्याने तो संपला की रांगेतली माणसे तशीच परतत. अ‍ॅपवर प्रत्येकाचा फोटो काढावा लागे आणि त्यासाठी, संसर्गाच्या भर काळात, मास्क हनुवटीवर ओढायला सांगत. गैरप्रकार टाळण्यासाठी नोंद हवी हे मान्य, पण हा प्रकार अजबच होता. एकाला एकच थाळी, त्यामुळे आजारी नवऱ्यासाठी जेवण न्यायला आलेल्या एका बाईला काउंटरवर बराच वेळ विनवणी करावी लागली. अखेर तिला पार्सल मिळाले, तेही मागच्या माणसाने आरडाओरडा केल्यावर.

सर्वांत मोठी अडचण अंतराची होती. वाळूजच्या बंद पडलेल्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराला शहर बस आणि शेअर रिक्षा बंद असताना, नाकाबंदी चुकवत इथवर येणे कठीण होते आणि थाळी तर दुपारीच मिळे. एप्रिल 2021 मध्ये इष्टांक दीडपट केला, हे चांगले झाले. मात्र त्यातल्या काही थाळ्या टेम्पोने कामगार वस्त्यांत पोहोचवल्या असत्या आणि संध्याकाळीही एक वाढप ठेवली असती, तर या केंद्राला मी पाचपैकी तीनऐवजी चार गुण दिले असते.